‘का’पुढची कोरी जागा

गौतमदादा,

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं मात्र कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा आज मी भांडणार आहे. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, हे एका परीनं बरंच आहे, कारण तुम्ही बोलायला लागलात की मी नेहमी मूळ मुद्दा विसरायची.

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. सकाळी मी तुमची ती नोंद वाचली आणि लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की टेबलावरचा चहा सांडला. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ मागाहून निघालेल्या आपल्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात आता तिघंच बसतो. बाकीच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. त्यांना वाटलं, ताई रडतायत. मी रडत नव्हते. मला तुमचा राग आला होता, आणि अजून आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्या शेजारणीनं मला विचारलं, “तुमचे दादा नेमके काय काम करायचे हो?” मी सांगितलं, मुंबईच्या एका विमा कंपनीच्या सगळ्या पॉलिसी एका मोठ्या यंत्रात असतात, त्याला मेनफ्रेम म्हणतात. त्यातला डेटाबेस कधीतरी बंद पडतो. तो का पडला हे नंतर शोधता यावं, म्हणून आधीपासून बंदोबस्त करून ठेवायचा, हे दादांचं काम. ती म्हणाली, “म्हंजे पडू नये म्हणून नाय?” मी म्हटलं, नाही, पडल्यावर कळावं म्हणून. तिला हे काम काही पटलेलं दिसलं नाही. मुंबईच्या आपल्या साहेबांनाही ते कधी पटलं नाही, त्यामुळे तिला दोष देत नाही.

तेवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या ऑफिसात मी पहिल्यांदा तुमच्यासमोर उभी राहिले, तेव्हा तुम्ही आधी गाव विचारलंत. रत्नागिरी म्हटल्यावर तुमची भाषाच बदलली. “मी संगमेश्वराकडचा. आता सर-बिर बोलू नको गो मला.” मग कागदांचा एक गठ्ठा काढून तुम्ही सरळ फरशीवर पसरलात आणि मांडी घालून बसलात. तो डंप होता. डेटाबेस पडला त्या क्षणी यंत्राच्या डोक्यात जे जे चाललं होतं, ते जसंच्या तसं उतरवलेलं. “ह्याला पंचनामा समज,” तुम्ही म्हणालात. “मुडदा हलवायच्या आधी करायचा. मंग केलास तर त्याला काय अर्थ नाय.” ऑफिसातली पोरं हसत होती आणि मी नव्या पंजाबी ड्रेसात फरशीवर बसून शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचायला शिकत होते. माझ्या पोटापाण्याचं सगळं शिक्षण त्या दुपारपासूनचं आहे, हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही विषय बदलून फणसावर आला असतात.

तुमचे नियम थोडे होते, पण दगडासारखे. डंपसाठी फाईल ऐसपैस हवी, कारण अर्धा पंचनामा नसलेल्या पंचनाम्यापेक्षा वाईट, माणसाची दिशाभूल करतो. ट्रेस कायम चालू हवा, म्हणजे पडण्याआधीची शेवटची पावलं कुठं पडली ते दिसतं. त्यानं यंत्र थोडं मंदावतं, अशी तक्रार यायची. “मंदावू दे. आंधळं धावण्यापरीस बघून चाललेलं बरं.” आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेटिंगच्या फाईलला हात लावलास तर तिच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या: कोणी, काय, का. बाकीचे लोक ‘कोणी’ आणि ‘काय’ लिहून मोकळे व्हायचे. तुम्ही ‘का’ कोरा दिसला की फाईल परत पाठवायचात. या ओळींवर तुमचा इतका भरवसा होता की डोक्यावर नवी ओळ नसली, तर आत बदल नाही असं धरून चालायचात. तिथंच तुम्ही फसलात. मी फसवलं.

आपलं खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. यंत्रात एक सोय असते. एकदा घेतलेल्या डंपची लक्षणं ते लक्षात ठेवतं, आणि तीच लक्षणं परत दिसली तर नवा डंप दाबून टाकतं. मला ती सोय शहाणपणाची वाटायची. एकाच मुडद्याचे शंभर पंचनामे करून डिस्क कशाला भरायची? तुम्हाला ते नाव काढलं तरी चालत नसे. लावणीनंतर तुमच्या चुलत्यांना ताप आला, डॉक्टर म्हणाला गेल्या वर्षीसारखाच आहे, गोळ्याही त्याच दिल्या, आणि निघाला लेप्टो, भातखाचराच्या पाण्यातून होणारा ताप. दहा दिवस सिव्हिलमध्ये काढून कसेबसे वाचले. “ताप सारखाच दिसतो गो. आत काय हाय ते रक्त तपासल्याबिगर कसं कळणार?” मी म्हटलं, “दादा, यंत्र भात लावत नाही.” त्यावर तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला लागलात. अकरा वर्षं हे चाललं. दर वेळी तुम्ही वरिष्ठ म्हणून तुमचंच राहायचं, आणि दर वेळी मी मनात म्हणायची, एकदा लावून बघू द्या, काही होत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही पुतणीच्या लग्नाला चार दिवस मालगुंडला गेलात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी साहेबांचा मुंबईहून फोन आला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. डिस्क भरत आलीय, ती डंप दाबायची सोय लावून टाका, ट्रेसही बंद करा, जाधवांना, म्हणजे तुम्हाला, नंतर सांगू. जुने डंप टेपवर हलवले असते तर जागा झाली असती. तासाभराचं काम होतं आणि मला ते येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. मी ते केलं नाही. सेटिंग बदललं, आणि वर ओळ लिहिली नाही. म्हटलं, दोन दिवसांनी परत फिरवायचंच आहे. दोन दिवसांनी विसरले. खरंच विसरले, की विसरू दिलं, हे आता मलाही नीट सांगता येणार नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, डेटाबेस पडला. कंपनीच्या साऱ्या शाखांमध्ये लोक काउंटरसमोर उभे, आणि आपल्याकडे काय? यंत्रानं लक्षणं बघितली, ओळखीची वाटली, पंचनामा दाबला. ट्रेस कोरा. पडला एवढंच माहीत, का पडला ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही सेटिंगची फाईल उघडलीत. मी तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही डोक्यावरच्या ओळी दोनदा वाचल्यात. मग सगळं पूर्ववत करून फाईल सेव्ह केलीत, आणि संध्याकाळच्या बैठकीत म्हणालात, “गेल्या महिन्यात मी चाचणीसाठी लावलं होतं. परत फिरवायचं माझ्याकडून राहिलं.”

त्या महिन्यात तुम्ही दुसरी एक चाचणी केली होती हे खरं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, म्हणजे मी पटवून घेतलं. दादांना खरंच वाटतंय की त्यांच्याच हातून राहिलं, तर आपण कशाला तोंड उघडा? झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनीही आपल्या फोनचा विषय काढला नाही. शिवाय त्या यंत्रात फाईलसमोर शेवटी हात लावणाऱ्याचंच नाव राहतं. तुम्ही सेव्ह केलंत, तसं माझं नाव पुसलं जाऊन तुमचं आलं. मी सुटकेचा श्वास सोडला, दादा. मला तो श्वास अजून आठवतो.

पंधरा दिवसांत तुमचं काम माझ्याकडे दिलं. तुम्हाला सल्लागार केलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. तुम्ही गावी घरून काम करायला लागलात आणि दर शनिवारी, चाचणीचं यंत्र मोकळं असतं तेव्हा, तो डेटाबेस तसाच परत पाडून बघायला लागलात. एकदा तरी पडावा, पंचनामा मिळावा, कारण कळावं. दुपारी तुमचा फोन यायचा. तुमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून विहिरीजवळच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर बसून तुम्ही बोलायचात, मागे कोंबड्यांचा आवाज. “आज पण पडला नाय गो,” म्हणायचात. आणि मग गप्प बसायचात. मी विचारायची, जेवलात? तुम्ही म्हणायचात, जेवीन आता. मी फोन ठेवायची. असे दोन वर्षांचे शनिवार.

मला वाटायचं, विहिरीपर्यंत चालून दम लागलाय, म्हणून गप्प बसता.

मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी तुमचा जलदान विधी झाला. अंगणात मांडव होता, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, वंदना झाली, बौद्धाचार्य बोलले आणि मग एकेकानं आदरांजली वाहिली. साहेब मुंबईहून गाडी करून आले होते. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, “एवढ्या मोठ्या नोकरीत जाधवांच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली.” लोकांनी माना डोलावल्या. तुमचा मुलगा खाली बघत होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात विझलेली मेणबत्ती. उठून बोलायला काय लागतं? पाय लागतात आणि तोंड लागतं. दोन्ही माझ्याजवळ होती.

निघताना सुजातावहिनींनी मला मागीलदारी नेलं. सुक्या जवळ्याची पुडी हातात दिली, तुम्ही माझ्यासाठी हर्णैहून आणवली होतीत म्हणे. मग म्हणाल्या, “विद्या, एक इचारू? दर शनवारी तुझा फोन झाला की ते घरात यायचे नि बोलायचे, आज पण नाय बोलली. मी इचारायची, काय नाय बोलली? तर सांगायचे नाय. काय गो असं, जे तू नाय बोललीस?”

मी म्हटलं, कामाचं असेल वहिनी. आणि एसटी पकडायला जवळजवळ पळाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला तर संगमेश्वरपासून हातखंब्यापर्यंत खिडकीबाहेर काही दिसलंच नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी अकराला डेटाबेस पडला. तुम्ही असायला हवे होतात. दोन वर्षं ज्याची वाट बघितलीत, तो तुमच्या जाण्यानंतर तेरा दिवसांनी पडला, इतका नतद्रष्टपणा फक्त यंत्रच करू शकतं. पण तुम्ही एक सापळा लावून ठेवला होतात. हीच लक्षणं परत दिसली, तर कुणी काहीही सांगो, पूर्ण पंचनामा घ्यायचा, असा हुकूम. डंप अख्खा मिळाला, ट्रेस भरलेला होता. मी शेवटच्या पानाकडून वाचत गेले आणि तासाच्या आत कारण हाती आलं. यंत्राच्या लक्षात होता त्या जुन्या दोषात इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, तुटलेला होता. ह्यात एक जुनाट प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परतच देत नव्हता. लक्षणं तीच, रोग वेगळा. तुमचा लेप्टो, दादा. अकरा वर्षांचं भांडण तुम्ही जिंकलात आणि ते सांगायला समोर कुणी नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवली: विद्या, उत्कृष्ट काम.

त्या सापळ्याचे तपशील अहवालात लिहायला हवेत, म्हणून आज तुमच्या खासगी फाईलींची परवानगी मिळवली. यादी उघडली. सापळा सापडला. त्याच्या खाली दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीच्या सेटिंगची एक प्रत होती. फाईल पूर्ववत करायच्या आधी तुम्ही तिची नक्कल काढून ठेवली होतीत, आणि नकलेसमोर जुनं नाव तसंच राहतं. माझं नाव. तारीख तुमच्या पुतणीच्या लग्नाची.

तिच्याखाली एक छोटी नोंद. त्या यंत्रात मराठी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं.

कोणी: विद्या.
काय: डंप दाबला, ट्रेस बंद.
का: विचारायचं आहे.

समोर तुमचं नाव, आणि शेवटचा हात लावल्याची तारीख तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या शनिवारची. म्हणजे फोन झाल्यावर तुम्ही आत गेलात, वहिनींना म्हणालात, आज पण नाय बोलली, आणि ही फाईल उघडून पुन्हा तशीच सेव्ह केलीत.

आता सांगा, रागवू नको तर काय करू? तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्या सोयीविरुद्ध तुम्ही अकरा वर्षं कंठशोष केलात, तीच माझ्यावर वापरलीत. माझा दोष दाबून टाकलात. पंचनामा केलात आणि आपल्याजवळ ठेवलात. कोरा ‘का’ दिसला की तुम्ही फाईल परत पाठवायचात ना? मग माझी का नाही पाठवलीत? एकदा खडसावून विचारलं असतंत, तर मी त्याच दिवशी रडून सांगितलं असतं आणि दोन वर्षं माणसासारखी जगले असते. तुम्हाला वाटलं, तिनं आपणहून सांगावं. मोठेपणा झाला तुमचा. त्या मोठेपणाखाली मी चेंगरले आणि तुम्ही स्वतःही. तुमची खुर्ची गेली, नाव गेलं, आणि तुमच्या मुलानं भरल्या मांडवात बापाची चूक ऐकून घेतली.

तुम्हीच म्हणायचात, यंत्र कधी खोटं बोलत नाय, आपण विचारलं नाय तर गप बसतं एवढंच. मी यंत्र नव्हते, दादा. मी गप्प बसून खोटंही बोलत होते.

आणि एवढं ओरडून झाल्यावर खरं सांगते, राग तुमच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त आहे. तुम्ही दर शनिवारी मला जागा करून दिलीत. ते गप्प बसणं माझ्यासाठी होतं. मी त्यात जेवणाची चौकशी केली.

सांडलेला चहा पुसला. साहेबांना मेल लिहिली, सेटिंगची ती प्रत जोडली, माझ्या नावासकट, आणि लिहिलं की जाधवांच्या हातून एकही चूक झालेली नाही, आणि मांडवात ते जसं सगळ्यांसमोर बोलले, तसंच हेही त्यांनी सगळ्यांना कळवावं. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

मग तुमची नोंद पुन्हा उघडली. ‘विचारायचं आहे’ हे तुमचे शब्द तसेच ठेवले आणि त्यांच्यापुढं लिहिलं, तुमच्यासारखंच, इंग्रजी अक्षरांत: साहेब म्हणाले म्हणून नाही. जागा नव्हती म्हणूनही नाही, जुने डंप टेपवर हलवता आले असते. दादांचं चुकतं हे एकदा दाखवून द्यायचं होतं म्हणून.

सेव्ह करायच्या आधी थांबले. सेव्ह केलं की यादीत त्या ओळीसमोरचं तुमचं नाव जाणार आणि माझं येणार. तुमचा शेवटचा शनिवार पुसला जाणार. नवी फाईल करून त्यात लिहावं, असंही मनात आलं. मग वाटलं, पुन्हा पळवाट शोधतेयस का? आणि सेव्ह केलं. त्या ओळीसमोर आता माझं नाव आहे, आजची तारीख आहे.

वहिनींना फोन केला. उद्या पहिल्या एसटीनं येते म्हटलं. “इतक्यातच? काय काम काढलंस?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, शनिवारी दादांना एक सांगायचं राहिलं होतं, ते तुम्हाला आणि मुलाला सांगते.